वकीलपत्र कोणाचे? : एका धर्मभगिनीच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश: "मी एका धर्मभगिनी-संस्थेची सदस्य आहे आणि अंतिम व्रते घेतलेली आहे. माझे घर वसईचे. बी.ए., बी.एड. झाल्यावर संस्थेच्या शाळेत पगारी शिक्षिका म्हणून काम करते, मुलींचे वसतिगृहही सांभाळते, आणि सुट्टीच्या दिवशी पालघर जिल्ह्यातील कातकरी पाड्यांवर जाते. तेथील बायका वीटभट्टीच्या उचलीविषयी (मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांविषयी), नवऱ्याच्या मारहाणीविषयी सांगतात आणि मी केवळ ऐकून घेते. आता मला एलएल.बी. करून वकिली करावी असे तीव्रतेने वाटते. आमच्या प्रोव्हिन्शियल (संस्थेच्या प्रांतप्रमुख) म्हणतात, 'आपले काम सेवेचे आहे, भांडणाचे नाही. शिकायचेच असेल तर कॅनन लॉ (ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा) शिक, मॅरेज ट्रिब्युनलमध्ये (चर्चच्या विवाह-न्यायालयात) उपयोग होईल.' आई म्हणते, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.' व्रतस्थ स्त्रीला वकिली करता येते का? फी कोणाची? कोर्टात सिस्टरांच्या वेषात उभे राहता येईल का? आणि एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते: एखादे प्रकरण ख्रिस्तसभेच्याच एखाद्या संस्थेविरुद्ध असेल, तर मी काय करायचे?" — एक धर्मभगिनी, पालघर जिल्हा

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कायदा शिकावा आणि वकिली करावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जो प्रश्न तुम्ही संकोचाने शेवटी विचारला आहे तो सर्वांत आधी सोडवायला हवा, आणि तोही महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी. वेषाचे आणि फीचे प्रश्न त्यामानाने सोपे आहेत. तुमच्या प्रोव्हिन्शियल सिस्टरांना वाटणारी काळजी अगदीच निराधार नाही. त्यांनी तिचे कारण चुकीचे सांगितले आहे, इतकेच.

आधी आईच्या म्हणण्याविषयी. ज्याला कोर्टाची पायरी टाळणे परवडते त्याच्यासाठी ती म्हण ठीक आहे. भट्टीवरच्या कातकरी बाईला ती निवड नसतेच. चोरीच्या आरोपाखाली नवऱ्याला पोलिसांनी नेले की तिला त्या पायरीवर बसावेच लागते, आणि जिथे तिचा स्वतःचा हक्क बुडालेला असतो तिथे मात्र ती त्या पायरीपर्यंत कधी पोहोचतच नाही. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा देवाला न भिणाऱ्या आणि माणसाची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी आपला न्याय पदरात पाडून घेते. प्रभू येशूने प्रार्थनेतील चिकाटी शिकवताना उदाहरण घेतले ते एका कज्जेकरी बाईचे, हे आईंना अवश्य सांगा.

सेवा आणि भांडण अशी जी विभागणी तुमच्या प्रोव्हिन्शियल सिस्टरांनी केली आहे, ती वीटभट्टीवर कशी कोलमडते हे पाहणे उपयोगाचे ठरेल. पावसाळा संपता संपता मुकादम पाड्यावर येतो, सणासुदीच्या खर्चाला पैसे देतो आणि दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर हलते. मुकादमाची एक वही असते. पहिल्या पानावर उचलीची रक्कम आणि शेजारी अंगठा. पुढे आठवड्याची खर्ची, तांदूळ, औषध, मध्येच कोणी गावी गेले तर त्याचे खाडे. पाडलेल्या विटांचा हिशोब दुसऱ्याच वहीत असतो आणि ती वही मजुराला दिसत नाही. हंगामाच्या शेवटी बाकी निघते ती नेहमी मजुराच्याच अंगावर, आणि ती पुढच्या हंगामात ओढली जाते. माझ्याकडे आलेल्या अशा एका वहीत लेकराच्या दफनासाठी दिलेले पैसेसुद्धा उचलीत मिळवलेले होते. आता सेवाभावी माणसाच्या मनात साहजिकच येते की देणगी गोळा करून ही बाकी फेडून टाकावी. त्याने ते कुटुंब त्या वर्षापुरते सुटते, पण मालकाची बेकायदा मागणी मात्र आपण आपल्या हाताने कायदेशीर ठरवून बसतो.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ वेगळी भाषा बोलतो. हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ नुसार सावकारावर येते. कर्ज फेडायचे नसतेच. ते कायद्यानेच संपुष्टात आलेले असते. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी चौकशी करून मुक्तीचा दाखला देतो आणि त्या दाखल्यावर पुनर्वसनाची मदत अवलंबून असते. केंद्राच्या योजनेत ती पुरुषासाठी १ लाख आणि स्त्रिया व मुलांसाठी २ लाख रुपये आहे. दाखला मिळाला नाही तर यांतले काहीच होत नाही. चौकशीच्या वेळी मालक समोर बसलेला असताना भेदरलेल्या बाईकडून "मी राजीखुशीने राहते" असे वदवून घेतले जाते आणि कागद बंद होतो. जबाब मालकाच्या गैरहजेरीत घ्या, त्या बाईला समजणाऱ्या बोलीत घ्या, वही जप्त करा, असे त्या क्षणी ठामपणे म्हणणारे माणूस तिथे उभे असणे हीच तिची सेवा आहे, आणि ती करायला कायद्याचे शिक्षण लागते. १९७१ मध्ये रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने न्यायासाठी झटणे हा शुभवर्तमानाच्या घोषणेचा अंगभूत भाग असल्याचे म्हटले होते. तुमच्या विनंतीपत्रात या दस्तऐवजाचा उल्लेख करा. तुमच्या संस्थेच्या घटनेतही तशा अर्थाचे कलम बहुधा सापडेल.

तुमच्या आधी या वाटेने गेलेल्या भगिनी आहेत. नोत्र दाम संस्थेच्या सिस्टर सुधा वर्गीस मूळच्या केरळच्या. बिहारमध्ये मुसहर समाजाच्या वस्तीत जाऊन राहिल्या, तेथील बायकांवरचे अत्याचार पोलीस ठाण्यातच जिरतात हे पाहून कायदा शिकल्या आणि त्या बायकांच्या प्रकरणांत उतरल्या. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिस्टर मेरी स्कारिया दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करत आल्या आहेत. पुण्याच्या 'स्त्रीवाणी' संस्थेत १९८२ पासून स्त्रियांच्या प्रश्नांवर काम चालते आणि पवित्र आत्मा संघाच्या सिस्टर ज्युली जॉर्ज यांनी वकील म्हणून तिचे नेतृत्व केले आहे. पुणे तुम्हाला दूर नाही, जाऊन भेटावे. व्रतस्थ वकिलांचे आणि धर्मगुरू-वकिलांचे एक राष्ट्रीय व्यासपीठही आहे. अमेरिकेत सिस्टर सिमोन कॅम्पबेल यांनी १९७७ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि ओकलंड शहरात गरिबांसाठी विधी केंद्र काढून १८ वर्षे कौटुंबिक प्रकरणे चालवली. नंतर त्या देशभर गाजल्या त्या धोरणविषयक कामामुळे, पण त्यांच्या बोलण्याला जो भक्कमपणा आला तो त्या १८ वर्षांतील ताबा-पोटगीच्या फायलींतून आला असे मला वाटते.

कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. त्या धर्मभगिनी नव्हत्या आणि कॅथलिकही नव्हत्या. नाशिकला १८६६ मध्ये एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री. पडद्यातील विधवांची मालमत्ता कारभारी लुबाडत आणि त्या स्त्रियांना परपुरुष वकिलाशी बोलता येत नसे, म्हणून त्या कामात शिरल्या. स्त्रियांना वकिली करण्याची कायदेशीर मोकळीक देशात १९२३ च्या अधिनियमाने मिळाली, म्हणजे त्यांची परीक्षा होऊन तीन दशके उलटल्यावर. पाड्यावरची बाई आज तुमच्यापाशी जे बोलते ते तालुक्याच्या वकिलापाशी बोलत नाही. कॉर्नेलियाबाईंच्या अशिलांची गोष्ट निराळी नव्हती.

कॅनन लॉविषयी प्रोव्हिन्शियल सिस्टरांचे म्हणणे उडवून लावू नका. बंगळूरच्या सेंट पीटर्स पाँटिफिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे पद्धतशीर शिक्षण मिळते आणि मॅरेज ट्रिब्युनलसमोर दाद मागणाऱ्या स्त्रीला तो विषय जाणणारी स्त्री भेटणे फार मोलाचे आहे. परंतु त्या ज्ञानाची हद्द ओळखा. ट्रिब्युनलने विवाह अवैध ठरवला तरी दिवाणी कायद्याच्या दृष्टीने तो संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले. वसईतील एखाद्या बाईला चर्चकडून मोकळीक मिळाली आणि तिने कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा न घेता पुन्हा लग्न केले, तर ती मोठ्या अडचणीत येते, आणि हे तिला वेळेवर सांगणारे कोणी नसते. भारतीय घटस्फोट अधिनियम, १८६९ नुसार ख्रिस्ती पतीला केवळ व्यभिचार सिद्ध करून घटस्फोट मिळे, पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. हा बदल देशाच्या न्यायालयांत झगडून मिळाला आहे. म्हणून आधी एलएल.बी. करा, कॅनन लॉ नंतर जोडता येईल. वीटभट्टीपर्यंत एलएल.बी.च पोहोचते.

आता व्यवहाराच्या बाबी. वकील म्हणून नोंदणीची पात्रता अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये आहे आणि अपात्रता कलम २४-क मध्ये. व्रतस्थ असणे ही अपात्रता तिथे नाही. अडचण दुसरीकडे आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे शाळेतील पगारी जागा सोडावी लागेल आणि संस्थेला तेवढ्या पगारावर पाणी सोडावे लागेल. हा खर्च संस्थेच्या हिशोबात आधीच धरलेला असू द्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी आहे, वयाची वरची अट नाही, पदवीला खुल्या गटात ४५ टक्के गुण लागतात. विषयवार ७० टक्के हजेरीचा नियम आहे, तेव्हा नोकरी आणि वसतिगृह सांभाळून शिकण्याचा विचार सोडून द्या. पत्रद्वारा घेतलेल्या पदवीवर तर सनदच मिळत नाही. नोंदणीचे शुल्क पूर्वी राज्याराज्यांत हजारोंच्या घरात असे. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्यातील ७५० रुपयांवर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणून ठेवले. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा.

वेषाचे म्हणाल, तर स्त्री वकिलांसाठी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, नक्षी नसलेली साडी चालते; त्यावर काळा कोट, पांढरे बँड आणि नियमानुसार गाऊन. तुमच्या संस्थेचा वेष साध्या साडीचा असेल तर काहीच प्रश्न नाही. शिरोवस्त्र असेल तर काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या बारच्या अध्यक्षांना भेटून बोलून घ्या. गळ्यातील क्रूस अशिलाला धीर देतो आणि कधी कधी विरुद्ध पक्षाला निमित्त देतो. तो कोटावर ठेवावा की कोटाखाली, हे तुम्ही अशिलाच्या हिताकडे पाहून ठरवावे.

फीबाबत ख्रिस्तसभेचा कायदा निःसंदिग्ध आहे. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेतील कॅनन (कलम) ६६८ नुसार व्रतस्थ व्यक्ती स्वतःच्या श्रमाने जे मिळवते ते संस्थेचे. आयकर मात्र आपल्या नियमाने चालतो. अनुदानित शाळांतील धर्मभगिनींच्या आणि धर्मगुरूंच्या पगारातून करकपात होणारच, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. पगार संस्थेला अर्पण होतो ही सबब चालली नाही. वकिलीची फी तुमच्या नावाने येईल हे धरून सनदी लेखापालांचा सल्ला घ्या आणि हिशोबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. गरीब बाईकडून फी घ्यायची वेळ मुळात क्वचितच येईल, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्यास पात्र आहे, आणि पॅनेलवरील वकिलाला मानधन प्राधिकरण देते.

आता ज्या प्रश्नाचा संकोच वाटला त्याकडे वळतो.

वकीलपत्रावर सही झाली की वकिलाची पहिली निष्ठा, न्यायालयाशी असलेले कर्तव्य सांभाळून, त्या अशिलाशी असते. ती वकिलाच्या कुटुंबाशी नसते, जातीशी नसते आणि संस्थेशीही नसते. तुमचे आज्ञापालनाचे व्रत ही आयुष्यभराची निष्ठा आहे. या दोन निष्ठा बहुतेक दिवस एकमेकींच्या आड येत नाहीत, पण ज्या दिवशी येतात त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो, आणि म्हणूनच तो विचार आधी करून, लिहून ठेवायला हवा. प्रोव्हिन्शियल सिस्टरांच्या मनात खरी भीती हीच असावी, आणि ती त्यांनी उघड बोलून दाखवावी असे तुम्हीच सुचवा.

तीन ठिकाणी गाठ पडू शकते. पहिली गुप्ततेची. अशिलाने सांगितलेले तिच्या संमतीवाचून उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ मनाई करते; बेकायदा हेतूसाठी केलेल्या संवादासारखे मोजके अपवाद आहेत. मठात जेवणाच्या टेबलावर दिवसभराचे बोलले जाते, सुपिरियर (मठाच्या प्रमुख) आपुलकीने विचारतात, आणि "त्या अमक्याच्या बायकोचे काय झाले?" या प्रश्नाला उत्तर न देणे हा उद्धटपणा वाटतो. तो वाटू नये अशी सवय सगळ्या घराला लावावी लागेल. फायलींचे कपाट वेगळे आणि किल्ली तुमच्याकडे, फोन वेगळा, अशिलांना भेटण्याची खोली वेगळी. संहितेच्या कॅनन ६३० मध्ये सुपिरियरनी सदस्यांना स्वतःची सदसद्विवेकबुद्धी उघडी करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये असे सांगितले आहे. तुमच्या स्वतःच्या अंतःकरणाबाबत जर अशी मर्यादा असेल, तर परक्या बाईने विश्वासाने ठेवायला दिलेल्या गोष्टीबाबत ती किती अधिक असायला हवी, हे कोणत्याही सुज्ञ सुपिरियरना पटेल.

दुसरी बदलीची. आपल्याकडे पोटगीचा अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतो, जमिनीच्या दाव्याचे तर बोलायलाच नको. आणि तुमच्या संस्थेत काही वर्षांनी बदलीचे पत्र येते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार स्वीकारलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. शिक्षिका बदलली तर वर्गाला दुसरी शिक्षिका मिळते. उलटतपासणीच्या तोंडावर वकील बदलली तर पाड्यावरच्या बाईला ते आपले माणूस गमावल्यासारखे वाटते, आणि पुष्कळदा ती तारखेला येणेच सोडून देते. म्हणून एकाच जिल्ह्यात दीर्घ नियुक्ती आणि बदली करावीच लागली तर चालू प्रकरणे रीतसर हस्तांतरित करण्यासाठी पुरेसा अवधी, या दोन्ही गोष्टी मागून घ्या. एकट्या न राहता सुरुवातीपासून एखाद्या स्थानिक स्त्री वकिलाला सोबत घ्या, वकीलपत्रावर दोघींची नावे असू द्या.

तिसरी गाठ सर्वांत अवघड, आणि तुम्ही तिचेच नाव घेतले आहे. समजा, चर्चच्या रुग्णालयातील सफाई कामगार किमान वेतनासाठी तुमच्याकडे आली. किंवा धर्मग्रामातील एखाद्या विधवेचा जमिनीचा वाद चर्चच्या ट्रस्टशीच आहे. किंवा, ज्याची कल्पनाही नको वाटते, वसतिगृहातील एका मुलीने तुम्हाला रात्री काहीतरी सांगितले. या तिन्हींची उत्तरे सारखी नाहीत. तुमच्या स्वतःच्या संस्थेविरुद्धचे वकीलपत्र तुम्ही घेऊ नये, कारण तुम्ही त्या पक्षाच्या घटक आहात आणि अशिलाला निर्मळ निष्ठा देऊ शकणार नाही. त्या बाईला तसे स्पष्ट सांगून विधी सेवा समितीकडे सोबत घेऊन जावे. दुसऱ्या संस्थेविरुद्धचे प्रकरण घेता येईल, पण तुमचे संबंध तिला आधी सांगून आणि तिची लेखी संमती घेऊन. संस्थेच्या वतीने मात्र त्या सफाई कामगाराविरुद्ध उभे राहण्याची आज्ञा झाली, तर नम्रपणे नाही म्हणण्याची मुभा तुम्हाला आधीच मिळालेली असावी. ज्यांच्यासाठी तुम्ही कायदा शिकलात त्यांच्याविरुद्ध तो वापरायला लागणे, यासारखी या कामाची दुसरी हानी नाही.

मुलीच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. वॉर्डन म्हणून जे तुमच्या कानावर येईल ते वकिलाचे गुपित नव्हे. ते कळवायचेच असते. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनी धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले, पण त्याने देशाच्या कायद्यातील कर्तव्य कमी होत नाही हेही त्यांत नमूद आहे. 'आधी बिशपांना विचारू' असे कोणी म्हणाले तर दोन्ही पत्रे एकाच दिवशी जाऊ शकतात, आणि पोलिसांकडचे थांबवता येत नाही, हे तुम्ही शांतपणे सांगायला हवे. कायदा शिकलेली एक भगिनी घरात असेल तर ही गोष्ट सांगणारे कोणी तरी असते, हा तुमच्या शिक्षणाचा संस्थेला होणारा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि प्रोव्हिन्शियल सिस्टरांना तो याच शब्दांत सांगावा असे मी सुचवीन.

एक मर्यादा ठाऊक असू द्या. उद्या न्यायदंडाधिकाऱ्याची परीक्षा द्यावी असे वाटले तर तो दरवाजा तुम्हाला बंद आहे. राज्यसत्तेच्या वापरात भाग घ्यावा लागणारी पदे कॅनन २८५ धर्मगुरूंना आणि कॅनन ६७२ व्रतस्थांना नाकारते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मर्सी संघाच्या आर्लीन व्हायोलेट यांनी अॅटर्नी जनरलच्या पदासाठी निवडणूक लढवायचे ठरवले तेव्हा त्यांना संघ सोडावा लागला. १९८४ मध्ये त्या निवडून आल्या; त्या देशात एखाद्या राज्याच्या अॅटर्नी जनरलपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलीला तशी आडकाठी मला दिसत नाही, परंतु संस्थेबाहेरचे कोणतेही पद स्वीकारण्यास कॅनन ६७१ नुसार सुपिरियरची परवानगी लागते, ती लेखी घ्या.

धोक्याविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. सिस्टर राणी मारिया वकील नव्हत्या. मध्य प्रदेशात उदयनगर भागात सावकारांच्या पाशातून आदिवासींना सोडवत होत्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून ओढून त्यांचा खून झाला. झारखंडमध्ये सिस्टर वाल्सा जॉन यांना कोळसा खाणीने विस्थापित होणाऱ्या संथाळांसोबत उभे राहिल्याबद्दल नोव्हेंबर २०११ मध्ये प्राण गमवावे लागले. हल्ली धर्मांतराचा आरोप हेही एक हत्यार झाले आहे; जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन भगिनींना अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत त्यांना आठवडाभर तुरुंगात राहावे लागले. यासाठी मागे हटू नका, पण काम असे करा की बोट ठेवायला जागा राहू नये: कायदेशीर मदत आणि प्रार्थना एकाच बैठकीत नकोत, प्रत्येक भेटीची नोंद वहीत तारखेसह असावी, भट्टीवर एकटीने जाऊ नये, आणि श्रमजीवींसाठी आधीपासून झगडणाऱ्या स्थानिक संघटनांना बरोबर घ्यावे, मग त्यांचा धर्म, पक्ष, झेंडा कोणताही असो.

आता लगेच करण्यासारखे. प्रोव्हिन्शियल सिस्टरांना एक सविस्तर पत्र लिहा आणि त्यात परवानगीबरोबरच चार गोष्टींवर लेखी निर्णय मागा: अशिलांच्या गुप्ततेत कोणी हस्तक्षेप करणार नाही, दीर्घ नियुक्ती मिळेल, हितसंबंधांचा संघर्ष असेल तिथे वकीलपत्र नाकारण्याची मुभा असेल, आणि शिक्षणाच्या काळात शाळेची व वसतिगृहाची जबाबदारी दुसऱ्या भगिनीकडे जाईल. उत्तर यायला वेळ लागेल, तो वाया घालवू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खाली पीडित स्त्रीच्या वतीने कोणतीही व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्याला सनद लागत नाही, आणि ज्या बायका आज तुम्हाला मारहाणीचे सांगतात त्यांच्यापैकी एखादीची तयारी असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांकडे तिच्याबरोबर याच आठवड्यात जाता येईल. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे विधी स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज करा, प्रशिक्षण घ्या, आणि पाड्यावर प्रत्येक घरी १५१०० हा विधी मदतीचा मोफत क्रमांक लिहून द्या. दिवाळीपूर्वी मुकादम पाड्यावर येतील, त्याच्या आत उचल घेणाऱ्या कुटुंबांची नावे, रक्कम, भट्टीचे गाव आणि मुकादमाचे नाव एका वहीत उतरवून ठेवा, आणि तिच्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असू द्या, म्हणजे हंगामाच्या शेवटी हिशोब करायला दोन वह्या असतील.